सांघिक परीकथालेखन आणि त्याची पारख



पाच मुलांनी मिळून एक गोष्ट रचली. एकाने ती सांगितली, एकाने तीत भर घातली, एकाने चित्रे काढली, एकाने ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली, आणि पाचवा नुसताच जवळ बसून राहिला. आता या गोष्टीचे गुण कोणास किती द्यावेत? प्रश्न वरवर पाहता लहानसा दिसतो. परंतु ज्या शिक्षकास गुणपत्रकावर सही करावयाची असते आणि ज्या मुलास ते गुणपत्रक घरी न्यावयाचे असते, त्या दोघांस तो लहान वाटत नाही. या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली. त्या चुकीने आम्हांस जे शिकविले ते आपणापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात २०१० सालापासून प्राथमिक वर्गांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत सुरू झाली. आकारिक मूल्यमापनाची जी साधने तीत सांगितली आहेत, त्यांत तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय यांच्या जोडीने ‘प्रकल्प’ हेही एक आहे. तेव्हा पाचवीच्या वर्गास मराठी विषयाचा प्रकल्प म्हणून आम्ही सांघिक परीकथालेखन दिले. चाळीस मुले, पाचपाचांचे आठ गट, चार आठवडे, आणि आठवड्यास दोन तासिका, अशी त्याची आखणी होती. सुरुवात, अडचण, सुटका आणि शेवट असलेली, निदान चार पृष्ठांची, स्वतः रचलेली परीकथा प्रत्येक गटाने द्यावी, असे सांगितले होते.

परीकथा म्हटली की तीत परी असलीच पाहिजे असा मुलांचा समज असतो. तो खरा नव्हे. राक्षस, चेटकीण, बोलका पोपट, भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी, यांपैकी कोणीही चालते. मात्र जगात जे घडत नाही असे काहीतरी तीत घडले पाहिजे, आणि ऐकणाऱ्यास ते खरे वाटले पाहिजे. आमच्या श्रीरामपूरच्या मुलांस अशी अद्भुते शोधण्यास दूर जावे लागत नाही. कारखान्याच्या धुराड्यात राहणारा राक्षस, रात्री उसाच्या फडातून चालत जाणारा दिवा, बेलापूर स्थानकावर कोणासही न दिसता थांबणारी आगगाडी, अशा कितीतरी कल्पना त्यांनी आपल्याच परिसरातून उचलल्या.

गुणांच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परीकथा ही जात्याच अनेकांची कृती आहे. १८६५ सालच्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची कन्या मेरी फ्रिअर त्यांच्यासमवेत होती. छावणीत दुसरी स्त्री नसल्याने तिला सोबत होती ती तिची आया ॲना लिबेराता डिसूझा हिची. ॲनाचे घराणे मूळचे लिंगायत. तिचे आजोबा गोव्याकडे ख्रिस्ती झाले. ॲना तिला गोष्टी सांगू लागली. त्या गोष्टी ॲनाने आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. मेरीने त्या उतरवून काढल्या आणि प्रत्येक गोष्ट ॲनास पुन्हा वाचून दाखवून खरी करून घेतली. १८६८ साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने त्या छापून निघाल्या. मुखपृष्ठावर नाव आहे ते मेरी फ्रिअरचे. परंतु त्या बाईंचा प्रामाणिकपणा असा, की गोष्टी सुरू होण्यापूर्वी त्यांनी ॲनाची जीवनकथा तिच्याच तोंडच्या शब्दांत छापली. जर्मनीतील ग्रिम बंधूंनीही हेच केले. त्यांच्या संग्रहातील तीसांहून अधिक गोष्टी डोरोथेआ फीमान नावाच्या एका शिंप्याच्या पत्नीने सांगितल्या होत्या. ती आपल्या मळ्यातील भाजीपाला विकण्यास कासेल शहरात येत असे. तिच्या मृत्यूनंतर १८१९ साली निघालेल्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिचे चित्र छापले.

सांगणारी एक आणि लिहिणारा दुसरा. परंतु लिहिणाऱ्याने सांगणारीस विसरता कामा नये. हे त्या थोर संग्राहकांस कळत होते. आम्हांस मात्र ते एका मुलीने शिकविले.

त्या वर्षी ऊसतोडणीच्या हंगामापुरती एक मुलगी आमच्या वर्गात दाखल झाली होती. तिचे आईवडील टोळीबरोबर आले होते. राहणे फडाजवळच्या कोपीत. वाचन अडखळत, अक्षर वेडेवाकडे, आणि वर्गात ती फारशी बोलत नसे. तिला आम्ही एका हुशार गटात घातले, जेणेकरून तिला आधार मिळेल. चार आठवड्यांनी त्या गटाने ‘पाटातली परी’ नावाची गोष्ट आणून दिली. प्रवरेच्या पाटात एक परी राहते. आवर्तन सुटले की ती पाण्याबरोबर धावते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलते. पाट कोरडा पडला की ती मुकी होते. एका म्हातारीचा नातू हरवतो तो ऐन उन्हाळ्यात. चारीला पाण्याचा टिपूस नाही. म्हातारी आपल्या तांब्यातील शेवटचे ओंजळभर पाणी पाटाच्या तळाशी ओतते, आणि तेवढ्या ओंजळीपुरती परी बोलते. ती एकच वाक्य बोलू शकते, आणि त्या एका वाक्यात म्हातारीस नातवाचा पत्ता लागतो.

गोष्ट वाचून आम्ही हरखून गेलो. पाचही जणांस आम्ही वीसपैकी सतरा गुण दिले. शेवटच्या पृष्ठावर लेखक म्हणून चार नावे सुंदर अक्षरात लिहिली होती; पाचवे नाव नव्हते. ते आमच्या ध्यानातही आले नाही. प्रार्थनेच्या वेळी गोष्ट सर्व शाळेपुढे वाचली गेली, ती ज्या मुलाने ती लिहून काढली होती त्याच्याकडून, आणि टाळ्याही त्यालाच मिळाल्या. मुलगी मागच्या रांगेत बसली होती.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा घेताना आम्ही त्या मुलास सहज विचारले, “म्हातारीने पाणी का ओतले? तिला कसे ठाऊक, की पाणी ओतले म्हणजे परी बोलेल?” मुलगा गोंधळला. मग सरळपणे म्हणाला, “ते तिलाच ठाऊक, सर. गोष्ट तिच्या आजीची आहे.” आणि थोडे थांबून म्हणाला, “ती म्हणाली होती, कोरड्या तोंडाने कोणी गोष्ट सांगत नाही. आधी पाणी द्यावे लागते.”

आम्ही लगेच तिची चौकशी केली. हंगाम संपला होता. टोळी आठ दिवसांपूर्वीच आपल्या गावी परत गेली होती. सतरा गुण तिच्या नावापुढे होते खरे. परंतु गोष्ट तिची होती हे तिला कोणीही सांगितले नव्हते, आणि आता सांगण्याची सोयही उरली नव्हती. मुलांनी तिचे नाव गाळले यात दुष्टपणा नव्हता. लिहिणारा तोच लेखक, असे आम्हीच त्यांना न बोलता शिकविले होते. आमचा गुणतक्ताच तसा होता: अक्षर, शुद्धलेखन, मांडणी, चित्रे. सांगण्याला त्यात रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही ते मुलांच्या लेखी कामच नव्हे.

दुसऱ्या बाजूनेही हा अन्यायच होता. दुसऱ्या एका गटात एक मुलगा चार आठवडे काहीही न करता बसला आणि इतरांइतकेच गुण घेऊन गेला. यात त्या एकट्याचा दोष नाही. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी-संशोधकाने दोर ओढणाऱ्या माणसांचे बळ मोजून पाहिले होते. ते प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्या माणसाने ओढलेले बळ पुरे धरले, तर आठ जण मिळून ओढू लागले असता प्रत्येकाचे बळ जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्याला आढळले. याचे एक कारण असे, की सर्वांचा ओढा एकाच वेळी व एकाच दिशेने लागत नाही. आणि दुसरे असे, की आपला वाटा कोणास दिसत नाही असे वाटले की मनुष्य नकळत हात सैल सोडतो. थोरांची ही गत, तर दहा वर्षांच्या मुलांकडून अधिक अपेक्षा का करावी?

येथे आमच्या एका सहकारी बंधूंनी शंका काढली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी सकाळी आलेल्यास आणि दिवस मावळताना आलेल्यास सारखीच मजुरी देतो; मग सर्व मुलांस सारखे गुण दिले तर बिघडले कोठे? शंका विचार करण्यासारखी आहे. परंतु धन्याने दिली ती त्याची कृपा होती, आणि कृपा सर्वांस सारखी वाटता येते. कोण किती वाजता मळ्यात आला हे त्याने लपविले नाही, किंवा उशिरा आलेल्यास तू सकाळपासून राबलास असे खोटेही सांगितले नाही. शिक्षकाची माया सर्व मुलांवर सारखी असावी; त्याची नोंद मात्र खरी असावी. माया आणि नोंद यांची गल्लत झाली की मायेचेही मोल उरत नाही. याउलट पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातील दृष्टान्त आमच्या कामास नेमका लागू पडतो. शरीर एक, अवयव अनेक. आणि जे अवयव दुर्बल दिसतात त्यांचीही गरज असते. गोष्ट हे शरीर मानले, तर प्रत्येक अवयवाचे काम ओळखणे हेच परीक्षकाचे काम होय.

यानंतरच्या वर्षी आम्ही गुणतक्ता बदलला. वीस गुणांचे दोन भाग केले. दहा गुण संपूर्ण गटाचे, आणि ते सर्वांस सारखे. उरलेले दहा प्रत्येकाचे स्वतःचे.

गटाच्या दहांपैकी चार गुण कथेच्या बांधणीस ठेवले. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने शंभर रशियन अद्भुतकथा तपासून १९२८ साली असे दाखविले, की त्यांतील घटना एकतीस प्रकारांत बसतात आणि त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मुलांस एकतीस प्रकार सांगण्याची गरज नाही. त्यांनी एवढेच पाहावे, की आरंभी काहीतरी हरवते किंवा उणे पडते, त्यासाठी कोणीतरी घर सोडते, वाटेत कसोटी लागते, मदत मिळते, आणि शेवटी जे उणे होते ते भरून निघते. ज्या गोष्टीत काहीच हरवत नाही, तीत शोधण्यासारखेही काही राहत नाही.

दोन गुण अद्भुताच्या नियमास. मुलांस वाटते की परीकथेत काहीही चालते. तसे नाही. ॲना डिसूझाने सांगितलेल्या गोष्टींतील पहिलीच घ्या. तीत एका जादूगाराचा प्राण रानातील पिंजऱ्यात ठेवलेल्या पोपटात असतो. पोपटाचा पंख तुटला की जादूगाराचा हात गळून पडतो. नियम एकदा ठरला तो ठरला. पाटातली परी कोरड्या पाटात मुकी असते असे म्हटल्यावर तिने पुढच्या पृष्ठावर कोरड्या पाटात गप्पा मारल्या, तर दोन्ही गुण गेले. नियम पाळूनच म्हातारीने वाट काढली, म्हणून ती गोष्ट आम्हांस थोर वाटली.

दोन गुण भाषेस, आणि उरलेले दोन शुद्धलेखन व टापटिपीस. भाषा म्हणजे पुस्तकी भाषा नव्हे, हे येथे सांगणे अवश्य आहे. आवर्तन, चारी, फड, कोपी, मोळी हे शब्द गोष्टीत आले, तर ते खोडून तेथे जड शब्द घालू नयेत. जो शब्द मुलाने आपल्या कानाने ऐकला आहे, तोच त्याच्या गोष्टीत जिवंत राहतो.

तात्पर्यास मात्र आम्ही एकही गुण ठेवला नाही. याचे काही पालकांस नवल वाटेल. मराठीत मुलांसाठी छापील गोष्टींचा आरंभ झाला त्या काळात, १८२८ साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या, आणि तेव्हापासून गोष्टीखाली तात्पर्य शोधण्याची सवय आपणांस जडली आहे. नीतिकथेस ते शोभते. परीकथेचा बोध तिच्या पोटात असतो. तो बाहेर काढून शेवटी टांगला की गोष्ट रिती होते. तहानलेल्या म्हातारीने शेवटचे पाणी दुसऱ्यासाठी ओतले. यावर आणखी काय लिहावयाचे?

आता प्रत्येकाचे दहा गुण. चार गुण कथेतील वाट्याचे. वाटा चार प्रकारचा धरला: सांगणे, कल्पना सुचविणे, लिहिणे आणि चित्र काढणे. यांपैकी कोणत्याही एका प्रकारे खरे काम केलेल्यास पूर्ण चार गुण मिळू शकतात. म्हणजे अक्षर वाईट असलेला कथेकरी आणि तोंडाने अबोल असलेला चित्रकार यांस सारखीच संधी मिळते. तीन गुण दुसऱ्याचे ऐकण्याचे: आपली कल्पना बाजूला ठेवून दुसऱ्याची अधिक चांगली कल्पना घेतली का, दुसऱ्यास बोलू दिले का. शेवटचे तीन गुण तोंडी उत्तराचे. गोष्ट पूर्ण झाल्यावर प्रत्येक मुलास एकटे बोलावून तीन प्रश्न विचारावयाचे: ही कल्पना कोठून आली, हे पात्र असे का वागते, आणि तुझ्या सोबत्याने सुचविलेल्यांपैकी तुला कोणती गोष्ट सर्वांत आवडली. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून आम्हांस जेवढे कळले, तेवढे आठही वह्या तपासूनही कळले नव्हते. चाळीस मुले आपापल्या तोंडाने दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्यास देतात, आणि शिक्षकाने ते फक्त लिहून घ्यावयाचे असते.

हे सर्व शिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असावे. अंदाजाने गुण देऊ नयेत. यासाठी आम्ही तीन उपाय योजले. पहिला, प्रत्येक गटास एक ‘वाट्याची वही’. तासिका संपताना प्रत्येकाने त्या दिवशी काय केले याची एकेक ओळ तीत लिहावयाची. ज्याला लिहिता येत नाही त्याची ओळ दुसऱ्याने त्यास विचारून लिहावयाची. दुसरा, प्रत्येक तासिकेस दोन गटांजवळ दहा दहा मिनिटे बसणे. आठ तासिकांत प्रत्येक गट दोनदा नजरेखालून जातो. तिसरा उपाय आम्ही मेरी फ्रिअर हिच्यापासून घेतला. लिहून झालेली गोष्ट संपूर्ण गटापुढे मोठ्याने वाचावयाची, आणि ज्याने ती सांगितली असेल त्याने ती बरोबर उतरली असे म्हटल्याखेरीज ती पुरी झाली असे मानावयाचे नाही. शेवटच्या पृष्ठावर नावांपुढे प्रत्येकाचे काम लिहिणेही आम्ही सक्तीचे केले: सांगणारा अमुक, लिहिणारी अमुक, चित्रे अमुक.

या पद्धतीत वेळ अधिक जातो हे आम्हांस मान्य आहे. चाळीस मुलांस एकेकटे विचारावयाचे तर मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरचा काही वेळ खर्ची पडतो. पण एवढ्याशा वेळात एका मुलाची खरी नोंद होत असेल, तर तो वेळ वाया गेला असे कोण म्हणेल?

आता पालकांस दोन शब्द. गोष्ट घरी लिहून देऊ नका. मोठ्यांच्या हाताची गोष्ट शिक्षकास दुसऱ्या ओळीत ओळखू येते, आणि मुलास मात्र एवढेच कळते, की आपली गोष्ट चालण्यासारखी नव्हती. मोबाइलवर पाहिलेल्या गोष्टीची नक्कल होऊ लागली तर रागावू नका, “हीच गोष्ट आपल्या गावात घडली असती तर?” एवढे विचारा. त्याहून उत्तम म्हणजे, रात्री दिवा मालविल्यावर स्वतः एखादी गोष्ट सांगा, किंवा घरातील आजीस सांगावयास लावा. तिला लिहिता येत नसेल. ॲना डिसूझाच्या आजीचीही ओळख आपल्याला ती सांगत असलेल्या गोष्टींमुळेच आहे. आणि प्रकल्पाचे गुण आले म्हणजे “किती पडले?” असे विचारण्यापूर्वी “तुझा वाटा कोणता, आणि तुझ्या सोबत्यांचा कोणता?” असे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलास भरभरून देता आले, तर प्रकल्प सफल झाला असे खुशाल समजा.

मुलांनो, तुम्हांस एकच सांगणे. तुमच्या गटात कोणी अबोल असेल, कोणी नवा असेल, कोणी हंगामापुरताच आला असेल, तर गोष्ट सुरू करण्यापूर्वी त्याला विचारा, “तुला कोणती गोष्ट येते?” आणि तो सांगू लागला की मध्ये बोलू नका. आधी त्याला पाणी द्या.

‘पाटातली परी’ची ती वही आम्ही जपून ठेवली आहे. शेवटच्या पृष्ठावरील चार नावांच्या वर आता पाचवे नाव आहे. त्यापुढे ‘सांगणारी’ असे लिहिले आहे. अक्षर त्याच मुलाचे आहे. ते त्याने आपणहून लिहिले. त्याबद्दल त्याला द्यावयास आमच्या तक्त्यात रकाना नव्हता.